प्रपंचाची खरेदी व भावाची घासाघीस

आपल्या मासिकांतून बी-बियाणें, खतें, पिकांवरील रोग, जनावरांची निगा आणि शेतमालाची विक्री या विषयांवर वेळोवेळीं लेख येत असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या हातीं आलेला पैसा ज्या दुसऱ्या दारानें बाहेर जातो, त्या दाराकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. क्विंटलामागें पन्नास रुपये अधिक मिळावे म्हणून आम्ही माल घेऊन दोन बाजारपेठा हिंडतों. पण त्याच पैशांतून कपाट, भांडीं, कापड किंवा सोनें घेतांना एकाच दुकानांत शिरतों, आणि दुकानदारानें सांगितलेल्या आकड्यांतून थोडेसे कमी करवून मोठा डाव जिंकल्याच्या आनंदांत घरीं येतों. विकतांना सावध आणि घेतांना भोळा, अशा माणसाच्या घरीं पैसा टिकत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत घरगुती खरेदी व तिच्यांतील घासाघीस यांविषयीं क्रमानें विचार करण्याचें योजिलें आहे.

घासाघिशीचें मूळ

भाव करणें कित्येकांस कमीपणाचें वाटतें; कित्येकांस तो एक खेळ वाटतो. दोन्हीं समजुती चुकीच्या आहेत. ज्या वस्तूची किंमत सर्वांस ठाऊक असते तिच्याविषयीं बोलाचाली होत नाहीं; टपालाच्या तिकिटाचा भाव कोणी करीत नाहीं. जेथें एका पक्षास किंमत ठाऊक असून दुसऱ्यास ती नसते, तेथेंच घासाघिशीला जागा होते. दुकानदारास मालाची मूळ खरेदी, भाडें, माल किती दिवस पडून आहे आणि आज त्यास रोख पैशाची किती गरज आहे, हें सर्व ठाऊक असतें. गिऱ्हाइकास फक्त आपली गरज आणि आपला खिसा ठाऊक असतो. म्हणून जिभेच्या चलाखीपेक्षां माहितीचें बळ येथें अधिक उपयोगी पडतें.

शेतकऱ्यास ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको. पूर्वी आपल्या धान्याचा व कापसाचा सौदा पुष्कळ ठिकाणीं रुमालाखालीं होत असे. व्यापारी व अडत्या कापडाखालीं एकमेकांचा हात धरीत, बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो मात्र बाजूस तोंडाकडे पाहात उभा राही. या हत्ता पद्धतीनें शेतकऱ्याचें किती नुकसान झालें असेल याचा हिशेबच नाहीं. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार निघाला. १९२८ सालीं शाही शेतकी कमिशननें नियंत्रित बाजारांची जोरानें शिफारस केली. पुढें मुंबई इलाख्यांत १९३९ चा शेतमाल बाजार कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा आहे. या सर्व खटाटोपाचें सार एकच: भाव उघड्यावर बोलला जावा आणि वजन प्रमाण काट्यावर व्हावें. बाजार समित्यांत आजही पुष्कळ दोष आहेत हें खरें. तथापि भाव उघड झाला कीं अर्धी लबाडी आपोआप कमी होते, हा अनुभव मोलाचा आहे. घरची खरेदी करतांना हाच धडा आपण उलट बाजूनें लावावयाचा आहे. आपल्यापुरता तरी भाव उघडा करून घ्यावा आणि मग बोलणीं करावीं.

एक घरचा अनुभव

उपदेश करणाऱ्यानें आपली चूक आधीं सांगावी हें बरें. कांहीं वर्षांमागें आम्हीं तालुक्याच्या गांवीं धान्यासाठीं पत्र्याची कोठी घेतली. दुकानदारानें ५,२०० रुपये सांगितले. आम्हीं दोन वेळां उठून दाराशीं गेलों, दोन वेळां परत आलों, आणि शेवटीं ४,५०० रुपयांस सौदा ठरविला. सातशे रुपये वांचले म्हणून आम्ही खूष होतों. कोठी चार दिवसांनीं घरीं आली तेव्हां मातोश्रींनीं तिच्या अंगावर बोटानें वाजवून पाहिलें आणि म्हणाल्या, "हिचा आवाज डब्यासारखा येतोय रे." आम्हीं तें हसण्यावारीं नेलें.

पहिला पावसाळा निभला. दुसऱ्या पावसाळ्यांत जमिनीच्या ओलीनें तळाचा पत्रा गंजला, सांधा उकलला, आणि आंत दमटपणा शिरून ज्वारीस सोंडे लागले. चार क्विंटलांपैकीं सुमारें दीड क्विंटल ज्वारी जनावरांपुढें टाकावी लागली. क्विंटलास ३,००० रुपये धरले तरी ४,५०० रुपयांचें धान्य गेलें. म्हणजे कोठीच्या किमतीएवढें धान्य कोठीनेंच खाल्लें. आम्हीं दुकानदारास जाऊन विचारिलें तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "दादा, तुम्ही भाव मागितलात, तो मी दिला. पत्र्याचं तुम्ही विचारलंच नाहीत."

त्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. आम्हीं दुकानांत पाहिलेली कोठी २४ गेजच्या पत्र्याची होती. घरीं आलेली २६ गेजची. गेजचा आंकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आम्हीं पावतीवर गेज लिहून घेतला नव्हता, वजन करून घेतलें नव्हतें, आणि पक्की पावतीही मागितली नव्हती. भाव कमी झाला तेव्हां मालही कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून पहिला व मुख्य नियम निघतो. भावाची गोष्ट काढण्यापूर्वी मालाची गोष्ट संपवावी. वस्तूची जात, जाडी, वजन, माप, कारखान्याचें नांव, हमीची मुदत आणि घरपोंच करण्याचा खर्च हें सर्व आधीं ठरवून घ्यावें, व मगच "आतां शेवटचें सांगा" असें म्हणावें. भाव ठरल्यावर तीच वस्तु, तशीच, पावतीवर लिहून घ्यावी. ज्या घासाघिशींत एक बाजू भाव कमी करिते आणि दुसरी गुपचूप माल कमी करिते, तींत कोणीच जिंकत नाहीं.

बाजारास जाण्यापूर्वीं

खरेदीचें निम्में काम घरींच होतें. पुढील गोष्टी बाजारास निघण्याच्या आदल्या रात्रीं कराव्या.

एक, यादी करावी, आणि ती घरांतील बायकांना विचारून करावी. कोणत्या डाळीस भाव किती, कोणतें तेल किती दिवस पुरतें, कोणतें भांडें खरोखर लागतें, हें पुरुषांपेक्षां त्यांस अधिक कळतें. यादीबाहेरची वस्तु दुकानांत आवडली तर ती पुढील बाजारावर ढकलावी. आठ दिवसांनींही ती हवीशी वाटली तर घ्यावी.

दोन, प्रत्येक मोठ्या वस्तूसमोर आपली कमाल मर्यादा लिहावी. दुकानांत बसल्यावर, चहा घेतल्यावर, दहा नग उलगडून दाखविल्यावर माणसाची भीड पडते व मर्यादा सरकते. कागदावरचा आंकडा सरकत नाहीं.

तीन, किमान तीन ठिकाणीं चौकशी करावी. आतां मोबाइलवरही पुष्कळ वस्तूंच्या किमती घरबसल्या दिसतात. त्याचा उपयोग जरूर करावा, पण किंमत पाहतांना तोच नमुना, तेंच माप व तीच हमी आहे ना हें ताडून पाहावें. "पलीकडे कमी मिळतें" असें खोटें मात्र बोलूं नये. दुकानदार रोज शंभर गिऱ्हाइकें पाहतो. त्यास खोटें ओळखतां येतें, आणि एकदां ओळखलें कीं आपल्या खऱ्या बोलण्यासही किंमत राहात नाहीं.

चार, ऋतु पाहावा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण खरेदीस तंतोतंत लागू आहे. पहिला पाऊस पडल्यावर ताडपत्री घेणारा आणि लग्न आठ दिवसांवर आल्यावर भांडीं घेणारा, हे दोघेही अडलेले हरी होत. वर्षाचें जिन्नस ज्याच्या त्याच्या हंगामांत भरावे: तूर काढणीनंतर माघ-फाल्गुनांत, तिखटाची मिरची फाल्गुन-चैत्रांत, गहू चैत्र-वैशाखांत, हळद उन्हाळ्याच्या आरंभीं आणि गूळ हिवाळ्यांत गुऱ्हाळें चालू असतांना. मात्र साठवणीची सोय असेल तेवढेंच भरावें. धान्य नीट वाळवून ठेवावें. स्वस्तांत घेतलेल्या आणि किडीनें खाल्लेल्या धान्यापेक्षां महाग धान्य स्वस्त पडतें, हें वरील कोठीनें आम्हांस शिकविलें आहे.

कोठें व कशाचा भाव करावा

सर्वच मालांत सारखी घासाघीस चालत नाहीं. प्रत्येक मालांत भावाची लवचीक जागा निराळी असते. ती ओळखली कीं शब्द वायां जात नाहींत.

पुडकेबंद माल : पुडक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, जिला एम. आर. पी. म्हणतात, ती सर्व करांसह असते. ती विक्रीची वरची मर्यादा आहे, हें ध्यानांत धरावें. तिच्याहून अधिक घेणें गुन्हा आहे; कमी घेण्यास कोणतीही आडकाठी नाहीं. म्हणून महिन्याचा किराणा एका ठिकाणीं रोखीनें घेणाऱ्यानें छापील किमतीवर कांहीं सूट मागण्यांत मुळींच संकोच करूं नये. मोठें पुडकें नेहमींच स्वस्त पडतें हाही भ्रम आहे. २०० ग्रॅमचें पुडकें ५२ रुपयांस व ५०० ग्रॅमचें १२० रुपयांस असेल, तर किलोचा भाव अनुक्रमें २६० व २४० रुपये पडतो. येथें मोठें पुडकें स्वस्त. पण तेंच मोठें पुडकें १३५ रुपयांस असेल तर किलोस २७० रुपये पडले, आणि तें महाग झालें. हा गुणाकार दुकानांतच करावा.

सुटा माल व वजन : येथें भावापेक्षां काट्याकडे अधिक पाहावें. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीची मोहोर असावी लागते. वजन करण्यापूर्वीं काटा शून्यावर आहे ना, हें पाहावें. मिठाई घेतांना खोक्याचें वजन मालांत धरलें जात असेल तर हरकत घ्यावी. गिऱ्हाइकानें मालाचे पैसे द्यावयाचे असतात, पुठ्ठ्याचे नव्हे. किलोमागें पांच रुपये कमी करवून शंभर ग्रॅम कमी घेतले तर पन्नास रुपये किलोच्या भाजींत फायदा तोट्याची बरोबरी होते, आणि शंभर रुपये किलोच्या मालांत तोटाच होतो.

भांडीं : पितळ, तांबें व पोलाद यांचीं भांडीं पुष्कळ ठिकाणीं वजनावर विकतात. भाव किलोचा आहे कीं नगाचा, हें आधीं विचारावें. जुनी मोड देतांना तिचें वजन आपल्यासमोर करवून मोडीचा भाव व नव्या भांड्याचा भाव निरनिराळा लिहून घ्यावा. दोन्हीं एकांत कालविले म्हणजे हिशेब लागत नाहीं. पोलादी भांड्यास चुंबक चिकटला नाहीं म्हणजे तें उत्तमच, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. २०२ व ३०४ या दोन्हीं जातींस चुंबक सहसा चिकटत नाहीं, पण ३०४ मध्यें निकेल धातु अधिक असल्यामुळें तें आंबट व खारट पदार्थांस जास्त टिकतें. जात कोणती तें विचारून पावतीवर लिहून घ्यावें.

कापड : कापडाचा पन्हा, पोत व रंग आधीं पाहावा. पैठणीसारखें मोलाचें वस्त्र घेतांना पदर उलटून पाहावा. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरील नक्षी उलट बाजूसही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या नकलेंत पाठीमागें सुटे धागे दिसतात. हातमागाचा भाव देऊन यंत्रमागाचें वस्त्र घरीं आणणें, यापेक्षां मोठी फसगत नाहीं. आणि जें यंत्रमागाचें आहे तें तसें सांगून विकलें तर त्यांत दोष नाहीं.

सोनें : सोन्याच्या दरांत घासाघीस करण्यास फारशी जागा नसते, तो रोज जाहीर होतो. जागा असते ती घडणावळींत. समजण्यासाठीं दहा ग्रॅमचा दर एक लाख रुपये धरूं. घडणावळ शेंकडा बारा असेल तर १२,००० रुपये आणि शेंकडा आठ असेल तर ८,००० रुपये होतात. म्हणजे एका बोलण्यांत ४,००० रुपयांचा फरक पडतो. घडणावळीखेरीज 'घट' म्हणून निराळी रक्कम लावतात काय, खड्यांचें वजन सोन्याच्या भावानें धरतात काय, आणि पुढें मोड देतांना किती वजावट करतील, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. जुना तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा होता; हल्लीं सराफकट्ट्यावर तोळा म्हणजे दहा ग्रॅम समजतात. म्हणून हिशेब ग्रॅमांतच करावा. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असावी. बावीस कॅरटसाठीं ९१६, अठरा कॅरटसाठीं ७५० हे आंकडे लक्षांत ठेवावे.

विजेचीं उपकरणें : येथें खरेदीची किंमत अर्धीच किंमत असते, उरलेली विजेच्या बिलांतून दरमहा जाते. ७५ वॉटचा साधा पंखा रोज बारा तास याप्रमाणें वर्षांतून ३०० दिवस चालला तर २७० युनिट वीज लागते. ३० वॉटच्या नव्या पद्धतीच्या पंख्यास १०८ युनिट पुरतात. युनिटास आठ रुपये धरले तर वर्षास १,२९६ रुपयांचा फरक पडला. साध्या पंख्यावर शंभर रुपये कमी करवून घेणाऱ्यानें हा हिशेब पाहावा. उपकरणावर ताऱ्यांची जी चिठ्ठी असते ती याचसाठीं आहे.

बोलण्याची रीत

घासाघीस ही भांडणाची गोष्ट नव्हे. माल आवडला असें फार दाखवूं नये, पण मालास नांवेंही ठेवूं नयेत. ज्याचा माल त्याचें मन दुखावून भाव कमी होत नाहीं. आपला आंकडा सांगितल्यावर क्षणभर गप्प राहावें. पुष्कळ लोक स्वतःच घाईनें आपला आंकडा वाढवितात. दुकानदारास तोंड उघडण्याचीही तसदी पडत नाहीं. दोन-तीन वस्तु एकत्र घेत असल्यास त्यांचा एकत्र भाव मागावा. सकाळीं भवानीच्या वेळीं किंवा बाजार उठतांना विकणारा कांहींसा मोकळा असतो. भाव आणखी खालीं येत नसेल तर दुसरें कांहीं मागावें: घरपोंच, बसवून देणें, एका वर्षाऐवजीं दोन वर्षांची दुरुस्ती. या गोष्टी दुकानदारास देणें सोपें व आपणांस उपयोगी असतें.

आणि एक गोष्ट शीलाची आहे. घ्यावयाचें नसेल तर भाव करूं नये. आणि आपण मागितलेला भाव दुकानदारानें मान्य केल्यावर उठून जाऊं नये. आपल्या कांद्याच्या ढिगावर बोली बोलून व्यापारी फिरला तर आपणांस काय वाटतें, तें आठवावें.

उधारीचें पोतें

भावांत सगळी चतुराई दाखवून जो उधारींत ती घालवितो, त्याच्याविषयीं काय बोलावें? 'उधारीचें पोतें, सव्वा हात रितें' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवानें केली आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं जो दंगा उसळला, त्यांत लोकांनीं सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या. त्या गांवीं दुकानदार व सावकार एकच असत, आणि वहींतला आंकडा शेतकऱ्यास वाचतां येत नसे. दक्षिणेंतील या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकऱ्यांस कर्जांतून संरक्षण देणारा कायदा झाला. आज आम्हांस आंकडे वाचतां येतात. तरीही आम्ही ते वाचीत नाहीं.

रोखीनें १०,००० रुपयांस मिळणारी वस्तु "कापूस आल्यावर द्या" म्हणून चार महिन्यांच्या बोलीनें १०,८०० रुपयांस घेतली, तर आठशे रुपये अगदीं थोडे वाटतात. पण दहा हजारांवर चार महिन्यांस आठशे म्हणजे वर्षास २,४००, अर्थात् शेंकडा चोवीस व्याज झालें. हप्त्यांचीही तीच गत. २४,००० रुपयांच्या वस्तूवर "वर्षास शेंकडा बारा" सांगून २,८८० रुपये व्याज मिळविलें आणि बारा हप्ते २,२४० रुपयांचे पाडले, तर पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवर लागतें. वर्षभरांत आपल्याकडे सरासरीनें १३,००० रुपयेच राहिलेले असतात. त्यांवर २,८८० म्हणजे शेंकडा बावीसच्या घरांत व्याज पडलें. बिनव्याजी हप्ता म्हणून जो डांगोरा पिटतात त्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांस बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज ही चीजच अस्तित्वांत नाहीं. अशा वेळीं दुकानदारास एकच प्रश्न करावा: "आतां रोख दिले तर किती घ्याल?" रोखीची किंमत व हप्त्यांची बेरीज यांतील फरक हेंच व्याज होय, मग त्यास कोणतेंही नांव असो.

घासाघीस कोणाशीं करूं नये

सकाळीं बाजार समितींत आपल्या कांद्याचा भाव पडला म्हणून संतापलेला शेतकरी सायंकाळीं आठवड्याच्या बाजारांत बुरडिणीशीं एका टोपलीसाठीं दहा रुपयांवरून हुज्जत घालतो, हें दृश्य आम्हीं अनेकदां पाहिलें आहे, आणि कबूल करावयास लाज वाटते कीं आम्हीं स्वतःही तसें वागलों आहों. बुरूड, कुंभार, घोंगडी विणणारा, पाटींत पालेभाजी घेऊन बसलेली म्हातारी, यांच्यापाशीं नफ्याची मोठी जागा नसते. जी सूट मिळते ती त्यांच्या मजुरींतून निघते. त्यांतून नाशवंत माल असेल तर संध्याकाळीं त्यांची स्थिति आपल्या ट्रॉलींतल्या टोमॅटोसारखीच असते. परत नेणें परवडत नाहीं हें गिऱ्हाइकास ठाऊक असतें, आणि गिऱ्हाईक त्याचा फायदा घेतें. जो व्यवहार आपणांवर झाला असतां आम्ही त्यास लूट म्हणतों, तोच आपण दुसऱ्याशीं केला असतां त्यास हुशारी म्हणतां येणार नाहीं. मोठ्या दुकानाच्या घडणावळींत चार हजार सोडावे आणि टोपलींत दहा रुपये ओढावे, यांत काटकसरही नाहीं व न्यायही नाहीं. योग्य जागीं घट्ट व योग्य जागीं सैल, हीच खरी घासाघीस.

एकत्र खरेदी

एकट्या गिऱ्हाइकाचें वजन थोडें. दहा घरांचें पुष्कळ. इंग्लंडांत रॉचडेल येथील विणकर व इतर कामगारांनीं १८४४ सालीं लहानसें सहकारी दुकान काढलें. पीठ, लोणी, साखर अशा साध्या वस्तु, शुद्ध माल, पूर्ण वजन आणि रोखीचा व्यवहार, एवढेंच त्यांचें भांडवल होतें; त्यांतून सहकाराची मोठी चळवळ उभी राहिली. आपल्या गांवींही हें अशक्य नाहीं. खतांची मागणी जशी संघामार्फत एकत्र नोंदवितां येते, तशी वर्षाचा गहू, तूरडाळ, तेलाचे डबे, ताडपत्र्या व साठवणीच्या कोठ्या यांचीही नोंदवितां येईल. दहा कोठ्या एकदम घेणारा पत्र्याचा गेज ठरवून घेऊं शकतो, एक कोठी वजन करून पाहूं शकतो, आणि माल वाईट निघाला तर दहा जण मिळून परत नेऊं शकतो. पैसे आगाऊ गोळा करावे, हिशेब सर्वांसमोर वाचावा, आणि उधारीस थारा देऊं नये, म्हणजे झालें.

फसगत झाल्यास

पक्की पावती हें गिऱ्हाइकाचें हत्यार आहे. पावती न देणें ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. माल सदोष निघाल्यास प्रथम दुकानदारास लेखी कळवावें. त्यानें दाद न दिल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार सांगतां येते, आणि पुढें जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. वस्तूसाठीं दिलेली रक्कम पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगास फी द्यावी लागत नाहीं, आणि आपण जेथें राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार दाखल करतां येते. मुदत दोन वर्षांची आहे. आमच्या कोठीच्या वेळीं पावतीच नव्हती. म्हणून आम्हांस घरीं बसून ज्वारी निवडण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाहीं.

सारांश

आधीं माल, मग भाव; आधीं चौकशी, मग बोलणें; आधीं रोखीची किंमत, मग हप्त्याचा विचार; आणि शेवटीं पावती. या चार गोष्टी मुलांस व सुनांस शिकवाव्या, व पुढील बाजारापासून स्वतः पाळाव्या. शेतांतून अधिक काढणें नेहमींच आपल्या हातीं नसतें. पाऊस व बाजार यांचें त्यांत बरेंच चालतें. घरांतून व्यर्थ कमी जाऊं देणें मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. आमच्या घरीं आतां नवी कोठी आहे. ती आम्हीं सांगितलेल्या भावापेक्षां फक्त दोनशे रुपये कमी देऊन घेतली. मातोश्रींनीं तिच्या अंगावर बोट वाजवून मान डोलाविली, आणि मगच आम्हीं पैसे दिले.